घरबसल्या एम.एस्सी. आणि आप्पांचा नमुना

सांगलीचे आप्पा खाडिलकर निवृत्त हेडमास्तर. शाळा सुटली, पण हेडमास्तरकी काही सुटली नव्हती. सून शर्वाणीने संख्याशास्त्राची ऑनलाइन एम.एस्सी. करायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"घरबसल्या पापड लाटतात, सूनबाई! पदवी हवी तर पुण्याला जा, वर्गात बस."

पुण्याला जायचं तर नोकरी सोडावी लागणार आणि लहानग्या लेकीलाही. प्रवेशाचा तर आजच शेवटचा दिवस होता, आणि आप्पांच्या शब्दाबाहेर घरात कोणी जात नसे.

"पण आप्पा, ऑनलाइनही चांगलं शिकवतात."

"मला सांगू नकोस! आपल्या विनूने केला होता ना तसला कोर्स? तिकडे मास्तर शिकवतायत आणि हा पांघरुणात घोरतोय! तेव्हाच ओळखलं मी, सगळा पोरखेळ आहे."

शर्वाणीने शांतपणे विचारलं, "आप्पा, पाहुणे आले की तुम्ही विनूभावजींची ओळख कशी करून देता?"

"कशी म्हणजे? 'हा आमचा नमुना!'"

"मग झालं तर. संख्याशास्त्र पहिल्याच धड्यात सांगतं, एका नमुन्यावरून निष्कर्ष काढायचा नाही."

आतल्या खोलीत विनू खो खो हसला. आप्पांनी मिशीतल्या मिशीत हसू दाबलं.

"बरं, मग दुसरा नमुना कुठून आणू?"

"हा काय, तुमच्यासमोर उभा आहे!"

संध्याकाळी शेजारी आले, तेव्हा आप्पा सुनेकडे बोट दाखवून ऐटीत म्हणाले, "हा आमचा दुसरा नमुना. एम.एस्सी. करतोय!"