आईचं खमीर

खाडीकाठच्या गावात, चर्चच्या मागच्या बाजूला, इनास नावाच्या पाववाल्याची भट्टी होती. भट्टी आईनं उभी केलेली, आणि पाव फुगवणारं आंबट खमीरही आईचंच. रोजच्या मळलेल्या पिठातला एक गोळा ती उद्यासाठी बरणीत राखायची. पण दारात कोणी वाटी घेऊन उभं असलं, तर पहिला गोळा त्याचा. त्यावर बोटानं क्रूस काढायचा आणि म्हणायचं, "जा, वाढव." काय ते दिवस होते! शनिवारी निम्मं गाव भट्टीपाशी बसलेलं, गप्पांना ऊत आलेला, आणि पावाचा वास थेट चर्चच्या पायऱ्यांपर्यंत गेलेला.

आई देवाघरी गेली आणि इनासचं हसू आटलं. भट्टी तीच, पीठ तेच, पण कशातच जीव लागेना. अशात शहरातून एक साहेब आले. त्यांचा तो कोट, तो माईक, विचारू नका! गावोगाव सुख शिकवत फिरायचे. ते म्हणाले, "तुमचं सुख लोक ओरबाडून नेतात. आधी स्वतःला जपा. रोज सकाळी म्हणा, मी सुखी आहे."

दुखऱ्या माणसाला कुठलंही मलम बरंच वाटतं. इनासनं भट्टीचं दार आतून लावून घेतलं. पाव खिडकीतून द्यायचा, गप्पा बंद. सकाळी डोळे मिटून पुटपुटायचा, "मी सुखी आहे, मी सुखी आहे." मग एक डोळा किलकिला करून बघायचा, आलं का सुख? कुठलं काय!

एकदा शेजारची रेमेतमावशी आली. नातीच्या लग्नाचे फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे गोल गोड गोळे, तळायला तिला खमीर हवं होतं. इनास खिडकीतूनच म्हणाला, "मावशी, आता मी माझ्यापुरतंच ठेवतो." मावशी रिकामी वाटी पदराखाली झाकून परत गेली.

पुढं साहेबांचं मोठं शिबिर लागलं. खमिराला रोज मूठभर पीठ घालावं लागतं, नाहीतर ते मरतं. आई परगावी निघाली की बरणी शेजारी ठेवून जायची. पण इनास आता कोणत्या तोंडानं शेजारी जाणार? त्यानं बरणी कपाटात कुलपात ठेवली आणि आठवडाभरासाठी शिबिराला गेला. परत येऊन झाकण काढलं, तर आत काळी बुरशी आणि नाक धरावं असा वास.

इनासनं बुरशी उकरून पाहिली, खाली काहीच जिवंत नव्हतं. खमीर बाजारातही मिळतं हो. पण तेवढीच काय ती आई घरात उरली होती, आणि ती त्यानं कुलपात घालून घालवली. तो हमसून हमसून रडला.

रडणं ऐकून रेमेतमावशी धावत आली. तिनं बरणी पाहिली, तशीच घरी गेली आणि वाटी घेऊन आली. वाटीत पांढरा, टम्म फुगलेला गोळा होता.

"तू दिलं नाहीस, म्हणून खालच्या आळीतून आणलं," ती म्हणाली. "त्यांना तुझ्या आईनंच दिलेलं. घे, वेड्या."

"मावशी, मी तुला रिकाम्या हातानं पाठवलं होतं ना?"

"पाठवलंस की! रागही आला होता मला. पण क्रुसावरच्या माझ्या प्रभूनं स्वतःपुरतं काय राखलं, सांग बघू?"

इनासनं वाटी घेतली. त्यानं पीठ मळलं, भट्टी पेटवली आणि दार सताड उघडलं. वासावर गाव गोळा झालं. कोणी पाव मागत होतं, कोणी वाटी पुढं करत होतं, आणि मावशी सगळ्यांवर ओरडत होती. दिवस मावळताना इनासच्या लक्षात आलं, आज 'मी सुखी आहे' म्हणायचं राहूनच गेलं! तो खो-खो हसला. मग पुढच्या वाटीत गोळा ठेवून त्यानं क्रूस काढला आणि म्हणाला, "जा, वाढव."

तात्पर्य: दार लावून राखलेलं सुख नासतं आणि वाटलेलं जिवंत राहतं, ख्रिस्तासारखं स्वतःला देऊन टाकणाऱ्याला ते शोधत फिरावं लागत नाही.