साकवाची डागडुजी

दिवाणजी साकवावरून नदीत पडले आणि निथळत्या पागोट्यानिशी तसेच दरबारात येऊन उभे राहिले, तेव्हा कुठे राजा भद्रसेनाला कळलं, की आपली दवंडी अंगाशी आली.

दवंडी अशी होती, की वाकनदीवरचा लाकडी साकव सगळ्यांचा आहे. ज्याला वाटेल त्याने तो दुरुस्त करावा, कुणालाही नकार मिळणार नाही. झालं! लोक हौसेने धावले. एकाने उभ्या फळ्या ठोकल्या, दुसऱ्याने त्याच उपटून आडव्या बसवल्या. तिसऱ्याला दोरांच्या गाठी दिसायला बऱ्या वाटेनात, म्हणून त्याने त्या सोडूनच टाकल्या.

पण राजाचा शब्द तो शब्द. नकार कुणालाच द्यायचा नाही आणि दसऱ्यापर्यंत साकव मात्र भक्कम हवा, असं त्याने फर्मावलं. प्रधानांनी मान खाली घातली. ताक घेऊन आलेल्या आवडी गवळणीला मात्र हसू आवरेना.

"हसतेस? मग हे काम तुझं," राजा म्हणाला. "जमलं नाही, तर या राज्यात ताक विकायचं नाही."

 आवडीच्या घरात म्हातारी सासू, आणि चूल पेटायची ती ताकावर. ती दुसऱ्याच दिवशी साकवाच्या तोंडाशी जाऊन बसली.

येईल त्याला ती या बसा म्हणायची, ताक द्यायची आणि विचारायची, की मोडलंय काय ते दाखवा. जे मोडलंय तेवढंच बदला, शेजारच्याच्या कामाला हात लावू नका. आणि काम झालं, की डोक्यावर ताकाचा भरला डेरा घेऊन आधी तुम्हीच पलीकडे जाऊन या.

धाकू बुरुडाने मधला कुजका दोर दाखवला, तेवढाच बदलला आणि थेंब न सांडता जाऊन आला. पितळी पत्रे घेऊन आलेल्या शेटजींना डेरा बघून घरचं काम आठवलं. असे बरेच जण आले, ताक पिऊन आपलं सामान घेऊन परत गेले. साकव हळूहळू ताठ झाला.

दसऱ्याला खुद्द राजा आला. बरोबर बारा गडी, आणि त्यांच्या खांद्यावर राजाचं नाव कोरलेली दगडी कमान. ती साकवाच्या मधोमध बसवायची होती. आता ही काय करते, म्हणून दरबारी एकमेकांकडे बघू लागले.

आवडीने मुजरा केला. "महाराज, मोडलंय काय?"

"मोडलं काही नाही. शोभा कमी पडते."

"मग बसवा की," असं म्हणून तिने डेरा उचलून राजापुढे धरला. "फक्त पहिली फेरी आपली."

राजाने कमानीकडे पाहिलं, साकवाकडे पाहिलं, खालच्या पाण्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"म्हणजे तू मलाही नकार देतेस?"

"नाही महाराज. मी होच म्हटलंय. आपणच अजून पाऊल टाकलं नाही."

राजा असा हसला, की पलीकडच्या काठावरची गुरं मान वर करून बघू लागली. कमान त्याने तिथेच, काठावर आवडी ताक घेऊन बसायची त्या जागी उभी करायला लावली, आपलं नाव पुसून त्याजागी तिचं नाव कोरवलं आणि दहा दुभत्या म्हशी तिच्या दारी बांधल्या. मग त्याने डेरा तोंडाला लावला आणि सगळं ताक तिथेच संपवलं.