द्वारकाबाईचा तांब्या

एका चैत्रात अवधनाथ महाराज कोळंबखडी गावी मुक्कामाला होते. गावाबाहेर दाट देवराई, तिच्या उताराला दलदल, आणि दलदलीच्या काठाला द्वारकाबाईचे एकटे घर. पती आणि दोन्ही मुले एकाच साथीत गेली. तेव्हापासून नऊ वर्षे त्या घराचा उंबरा कोणी ओलांडला नव्हता.

तिच्या विहिरीत कुजल्या पाल्याचे पाणी झिरपे, कातासारखे तांबूस. बाई रोज निवळीची बी उगाळून घड्यात घाली, नाम घेत बसे, आणि गाळ बसला की वरचे पाणी वाळू-कोळशाच्या मडक्यातून गाळी. त्यातला एक तांब्या ती दाराशी ठेवी. कोणी आलेच तर! संध्याकाळी तो तुळशीत ओती.

गावचे खोत विसाजीपंत हसून म्हणत, "कोळसा उगाळावा तितका काळाच. त्या बाईचे पाणीही तसेच आणि नशीबही."

एके दिवशी गावविहिरीची बाजू ढासळली आणि पाणी मातीखाली गेले. नदी दोन कोसांवर. इकडे पंतांची सून तापाने फणफणलेली, तिचे ओठ भिजवायलाही घरात थेंब नव्हता. पंत महाराजांकडे धावले.

"पाणी तुमच्याच गावात आहे. चला," महाराज म्हणाले आणि थेट द्वारकाबाईच्या दारी आले.

बाईने दाराशी ठेवलेला तांब्या पुढे केला. नितळ पाणी पाहून पंतांनी मान खाली घातली आणि ते तांब्या घेऊन घराकडे पळाले.

"आता गावासाठी, माई," महाराज म्हणाले.

"महाराज, बी एकच उरलीय. घडाभर पाण्याला पुरेल."

"उगाळा तर खरी."

तिने बी उगाळली. महाराजांनी ती बाईच्याच विहिरीत सोडली आणि डोळे मिटून उभे राहिले. काय त्यांची कृपा! घटकाभरात तांबूस रंग खाली बसला, तळाचे दगड दिसू लागले. घागरी घेऊन गाव लोटले.

सुनेने डोळे उघडल्याचे सांगत पंत परतले आणि महाराजांच्या पायांवर वाकले. महाराज मागे सरले.

"मी आज एकदा हात लावला, पंत. ही माउली नऊ वर्षे एकटी लावत होती."

पंत द्वारकाबाईपुढे वाकले. "वहिनी, चुकलो. मलाही पाणी वाढा."

ती ओतू लागली. पंतांची ओंजळ भरून वाहू लागली, तरी बाईला हात आवरता येईना.