काठावरचा रिकामा माणूस

एकदा एका व्यापाऱ्याने उजाड माळावर नवी पेठ वसवायचे मनावर घेतले. दुकानांच्या जागा आखून झाल्या, पण पाण्यावाचून पेठ कसली? म्हणून त्याने विहीर खोदणाऱ्यांची एक टोळी बोलावली आणि तिच्यावर देखरेख ठेवायला एक तरुण कारभारी नेमला. हा तरुण एका वृद्ध आचार्यांचा शिष्य. आचार्यांनी उमेदीच्या काळात मोठमोठे व्यापार सांभाळले होते आणि उतारवयात ते तरुणांना व्यवहारशास्त्र शिकवीत. शिष्य हुशार होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते.

कामावर आल्या आल्या त्याच्या डोळ्यांत एक माणूस खुपला. टोळीतले बाकी सगळे घामाने निथळत असत. यल्लप्पा तळाशी उतरून पहार चालवी. त्याचा भाऊ तिमण्णा आणि इतर गडी रहाटावरून दगडमातीच्या पाट्या वर ओढत आणि डोक्यावर घेऊन लांब नेऊन टाकत. दुर्गप्पा नावाचा पिकल्या मिशांचा एक गडी मात्र काठावरच्या दगडावर दिवसभर नुसता बसून असे. तो कशाला हात लावीत नसे. मधूनमधून खालून यल्लप्पाचा आवाज येई, "हाय का?" दुर्गप्पा वरून म्हणे, "हाय." एवढेच काय ते त्याचे काम, आणि मजुरी इतरांइतकीच.

कारभाऱ्याने त्याला सांगितले की उद्यापासून पाटी उचल, नाहीतर घरचा रस्ता धर. दुर्गप्पाच्याने ओझे उचलवत नव्हते. त्याने वाद घातला नाही. जाताना त्याने एकच विचारले, "मग बघायचं कुनी?"

"सगळेच बघतील," कारभारी म्हणाला.

हे दोन शब्द मी आजवर पुष्कळ शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकले आहेत. ऐकायला ते फार उदार वाटतात, आणि म्हणूनच मला त्यांचा राग येतो.

व्यापारी खूश झाला. असा कारभारी मिळायला भाग्य लागते, असे तो चारचौघांत सांगू लागला. इकडे विहिरीवर यल्लप्पाने हाक दिली की सुरुवातीला ज्याचे हात मोकळे असतील तो गडी ओ देई. पुढे प्रत्येकाला वाटू लागले की दुसऱ्याने दिली असेल. हळूहळू यल्लप्पाने विचारणेच सोडून दिले. खालचा माणूस बोलेनासा झाला आहे, हे वर कोणाच्या ध्यानातही आले नाही. काम मात्र पूर्वीपेक्षा भराभर चालले होते आणि कारभाऱ्याला तेवढा पुरावा पुरेसा होता.

दोर रहाटापाशी एकाच जागी घासला जात होता. त्याचा एक पेड सुटला, मग दुसरा. तो सगळ्यांच्या हातांतून जात होता, म्हणजे सगळेच त्याला बघत होते. एका दुपारी भरलेली पाटी निम्म्यावर आली असताना दोर तुटला. यल्लप्पा मान खाली घालून पहार मारत होता. त्याला वर काढले तेव्हा त्याच्यात जीव उरला नव्हता.

टोळीचे काम थांबले. यल्लप्पाचे दिवसकार्य उरकल्यावर व्यापाऱ्याने तिमण्णाला बोलावले. त्याने नवा दोर आणवला होता आणि यल्लप्पाच्या बायकामुलांना अंतर देणार नाही असा शब्दही दिला. तिमण्णाने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "अर्धी हीर सोडून जायची आमची रीत न्हाई. मी उतरतो. पर वर कोन बसनार, ते सांगा."

दुर्गप्पाचा शोध घेतला, पण तो दुसऱ्या टोळीबरोबर लांबच्या मुलखात निघून गेला होता. शेवटी व्यापाऱ्याने आचार्यांना गाडी पाठवली.

शिष्याने गुरूंचे पाय धरले. मला शिक्षा करा, नाहीतर निघून जाऊ द्या, या गावाला मी पुन्हा तोंड दाखवणार नाही, असे तो रडत म्हणत राहिला. आचार्यांनी त्याला उठवले, हाताला धरून विहिरीपाशी नेले आणि दुर्गप्पाच्या दगडावर बसवले. मग ते व्यापाऱ्याला म्हणाले की यालाही पाटी वाहणाऱ्यांइतकीच मजुरी द्या, त्यात कमी करू नका. गडी एकमेकांकडे पाहू लागले. व्यापाऱ्याला ते सोसवेना.

"ज्याच्यापायी माणूस गेला, त्याला मी नुसतं बसायची मजुरी देऊ?"

"शेटजी, नुसतं बसणं म्हणालात, तिथेच तुमची दोघांची चूक झाली," आचार्य म्हणाले. "काही कामं अशी असतात की ती नीट झाली तर काहीच घडत नाही. दोर तुटत नाही, दरड निसटत नाही, खालचा माणूस संध्याकाळी जेवायला घरी जातो. मग आपण विचारतो, याने दिवसभर केलं काय? दुर्गप्पा यल्लप्पाला रोज घरी पाठवत होता. ते तुम्हाला दिसलं, पण त्याला काढून टाकल्यावर." मग ते शिष्याकडे वळले. "तू सगळ्यांना बघायला सांगितलंस आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पाटी दिलीस. आता पळून गेलास तर तुझं मन हलकं होईल, पण तिमण्णाला त्याचा काय उपयोग? विहिरीला पाणी लागेपर्यंत इथून उठू नकोस."

तिमण्णाने शिष्याकडे पाहिले. त्याने क्षमा केली असे मी म्हणणार नाही, कारण तसे काही त्याच्या चेहऱ्यावर नव्हते. त्याने दोर कमरेला बांधला आणि तो खाली उतरला.

शिष्य दोराकडे पाहत बसला. पाठ भरून आली, उन्हाने डोळ्यांतून पाणी वाहू लागले, तरी रहाटावरची ती जागा त्याने नजरेआड होऊ दिली नाही. बाजूने जाणारे गडी त्याच्याशी बोलत नव्हते. आपण ज्याला रिकामा म्हटले तो संध्याकाळी किती थकून घरी जात असेल, हे त्याला आता कळत होते, आणि हे सांगायला तो माणूस कुठे सापडणार नव्हता.

खाली पहारीचा आवाज थांबला. अंधारातून तिमण्णाचा घोगरा स्वर वर आला.

"हाय का?"

उत्तर मिळेपर्यंत पहार पुन्हा पडणार नव्हती. शिष्याने काठावरून वाकून पाहिले.

"हाय," तो म्हणाला.