सांजाईच्या साखळीचं तेल

पोफळबंदरच्या सांजाईच्या देवळात शिरताना पाहुणे नाकाला पदर लावतात. लावोत बापडे. तिथल्या घंटेच्या साखळीला मुशी माशाच्या कलेजीचं, महिनाभर उन्हात कुजवलेलं तेल चोपडलेलं असतं, आणि त्याचा वास कपड्यांबरोबर घरापर्यंत येतो. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकतं ते त्या घाणीमुळेच. पण मुलीच्या लग्नाआधी ते तेल तिच्या बापानेच का लावायचं, याची गोष्ट इथले म्हातारे सांगतात.

त्र्यंबक खोताने म्हणे देवळाला लागूनच नवं घर बांधलं. झोपाळ्यावर बसलं की तेलाचा भपकारा यायचा आणि तोंडातला विडा थुंकावा लागायचा. साखळी चोपडणारी, मासेमारांतली गाबतीण आवडू नुसती समोरून गेली तरी त्याला मळमळायचं. शेवटी त्याने तेल बंद करवलं आणि साखळीला लालभडक रंग दिला.

“खोतांनू, रंगाखाली गंज खाता,” आवडू म्हणाली. “वादळात होड्यांका साद कोण घालतलो?”

“आधी ते तेलाचं मडकं उचल!” खोत नाक दाबून ओरडला.

तीन पावसाळे गेले. दरवर्षी खपल्यांवर नवा रंग चढला. मग खोताच्या मुलीचं लग्न ठरलं. नवऱ्याकडचं वऱ्हाड होडीने निघालं. होडी हाकणारा तांडेल होता आवडूचाच नवरा. भरदुपारी आभाळ काळं झालं, डोंगराकडून धुळीचं वादळ सुटलं आणि खडकांमधली खाडीची वाट दिसेनाशी झाली. खोताने धावत जाऊन घंटा बडवली, तशी साखळी तुटली आणि घंटा फरशीवर पडून फुटली. रंगाच्या सालीखाली नुसता ओला, तपकिरी भुगा होता. तो बोटांना चिकटला आणि खोताला स्वतःचीच किळस आली.

आवडू घरी जपून ठेवलेलं तेलाचं मडकं घेऊन कड्यावर धावली, मागोमाग खोत. वारा समुद्राकडेच होता. खोताने कोपरापर्यंत हात तेलात घातले, ओकत ओकत चिंध्या भिजवल्या आणि आवडू त्या पेटवत गेली. तो घाणेरडा धूर पाण्यावर पसरला. तांडेलाने म्हणे आपल्या घरचा वास ओळखला, वासाच्या रोखाने सुकाणू वळवलं, आणि सगळं वऱ्हाड जिवंत काठाला लागलं.

कन्यादानाला खोत बसला तेव्हा हात चारदा धुतले होते, वास गेला नव्हता. व्याह्यांनी तो हात धरला, हुंगला आणि रडले, असं सांगतात.

आजही इथे नवरीचा बाप नव्या घंटेची साखळी उघड्या हाताने चोपडतो, आणि मांडवात व्याही आधी त्याचा हात हुंगतात. वास आला नाही, तर वऱ्हाड मांडवाच्या दारातूनच परत जातं.