मातीखालची सभा

एकदा एका दलदलीच्या मुलुखात, जिथे औषधालाही दगड सापडत नसे, डोंगरातली एक मुलगी लग्न होऊन आली. हा मुलूख मेक्सिकोतल्या प्राचीन ओल्मेक लोकांचा. माहेराहून तिने हिरव्या दगडाचा एक तुकडा आणला होता. तिचा आजेसासरा म्हणजे गावचा वृद्ध मूर्तिकार. त्याच्या हाताखाली बसून, वाळूने घासघासून, तिने त्यातून वीतभर उंचीची मूर्ती घडवली. चालीप्रमाणे डोके लांबट, ओठांचे कोपरे रुसलेल्या बाळासारखे खाली. हनुवटी मात्र हुबेहूब तिच्या आईची. आईचा चेहरा मनात पुसट होऊ लागला होता, त्यावर तिने काढलेला हा उपाय.

सणाच्या दिवशी वृद्धाने ती मूर्ती मागून घेतली, चौकातल्या खड्ड्यात इतर मूर्तींच्या घोळक्यात उभी केली आणि सगळ्यांवर माती लोटली. वरून रंगीत मातीची जमीन केली. लोक त्यावर नाचले. मुलगी हसतमुखाने पाहुण्यांना वाढत राहिली. नव्या सुनेला दुसरे काय करता येते?

काही पावसाळे गेले. एका सकाळी वृद्धाने नेमकी तीच जागा खणायला घेतली. मुलगी धावतच आली. मूर्तींची डोकी उघडी पडली तसा तो थांबला, एकेका चेहऱ्याकडे पाहून म्हणाला, “आहेत सगळे.” आणि माती पुन्हा आत लोटू लागला.

“थांबा, आजोबा! एवढं खणलंत ते नुसतं बघायला? माझी मला द्या. चुलीशेजारी ठेवीन.”

“पोरी, चुलीशेजारी तिच्यावर धूर बसेल, आणि एक दिवस तू तिच्याकडे बघायचीही विसरशील. इथे ती आमच्या पूर्वजांच्या सभेत उभी आहे. वर लग्न लागतं, मक्याचा पहिला नैवेद्य दाखवतात, ते तिच्या साक्षीने. तू या गावात बाहेरून आलीस; तिच्यामुळे या जमिनीत आता तुझंही कुणीतरी आहे.”

“मग उघडता कशाला?”

“अगं, आठवण येतेच ना!”

ती बराच वेळ त्या हनुवटीकडे पाहत राहिली. मग स्वतःच ओंजळभर माती उचलली. पण ती टाकताना दुसरा तळहात आईच्या डोळ्यांवर आडवा धरला.

वृद्ध हसला. “दगडाची आहे ती, वेडे.”

“साक्षीला उभी आहे म्हणालात ना? मग डोळ्यांत माती कशी जाऊ देऊ?”

पुढची माती वृद्धानेही हळू लोटली.