टिवलीची पिल्लं दिसेनात

एक होती शिंपीण. शिंपीण म्हणजे एवढासा पक्षी. पानं शिवून घरटं करणारा. तिचं नाव टिवली.

टिवलीने आबांच्या गॅलरीत घरटं शिवलं. घरट्यात तीन पिल्लं झाली. आबांनी पिल्लांचा फोटो काढला, खटक्. फोटो कॉम्प्युटरवर लावला. मोठ्ठा.

मग पिल्लांना पंख फुटले. पिल्लं भुर्र उडून गेली.

टिवली रोज सकाळी खिडकीत यायची. टुण टुण टुण. कॉम्प्युटरवरची पिल्लं बघायची. मग तिला बरं वाटायचं.

एका सकाळी टिवली आली. बघते तर काय, कॉम्प्युटर निळा. नुसता निळा. पिल्लंच नाहीत.

टिवली आत गेली. टुण टुण टुण.

"कॉम्प्युटरकाका, कॉम्प्युटरकाका, दाखवा.
माझी पिल्लं मला दिसेनात."

कॉम्प्युटर म्हणाला, "फोटो पुसला गेला. आबांचं बोट चुकून लागलं. पण बॅकअपच्या डबीत दुसरा आहे. ती सगळं जपून ठेवते. डबीने दिला, तर दाखवीन."

डबी होती आतल्या खोलीत, फळीवर. टिवली गेली. टुण टुण टुण.

"डबीबाई, डबीबाई, द्या.
कॉम्प्युटर दाखवेना.
माझी पिल्लं मला दिसेनात."

डबी म्हणाली, "फोटो आहे गं माझ्यापाशी. तिन्ही पिल्लं आहेत. पण पाठवू कशी? वाय-फाय बंद आहे. राऊटर चालला, तर देईन."

राऊटर होता बाहेरच्या खोलीत, भिंतीवर. दोन शिंगं, एक दिवा. वाय-फाय तोच द्यायचा. टिवली परत बाहेर. टुण टुण टुण.

"राऊटरभाऊ, राऊटरभाऊ, चाला.
डबी देईना.
कॉम्प्युटर दाखवेना.
माझी पिल्लं मला दिसेनात."

राऊटर म्हणाला, "माझा दिवा बघ. लाल आहे. म्हणजे माझं काही चालत नाही. माझी वायर सुटलीय. वायर आली, तर चालेन."

वायर पडली होती कपाटामागे. तिथे अंधार. तिथे धूळ. टिवली वाकून बघते. आक्छी.

"वायरताई, वायरताई, या.
राऊटर चालेना.
डबी देईना.
कॉम्प्युटर दाखवेना.
माझी पिल्लं मला दिसेनात."

वायर म्हणाली, "मी येईन गं. पण चेपलेय की मी. कपाट सरकलं, तर येईन."

टिवलीने एक मोठा श्वास घेतला. कपाटासमोर आली.

"कपाटदादा, कपाटदादा, सरका.
वायर येईना.
राऊटर चालेना.
डबी देईना.
कॉम्प्युटर दाखवेना.
माझी पिल्लं मला दिसेनात."

कपाट म्हणालं, "माझ्या पोटात गाद्या आहेत. चादरी आहेत. आबांचे स्वेटर आहेत. माझा मी कसा सरकू? आबा उठले, तर सरकेन."

आबा बसले होते खुर्चीत. फोन समोर धरून. फोनमधून गाणं येत होतं. टिंग टिंग टिडिंग. टिवली आबांच्या गुडघ्यावर बसली.

"आबा, आबा, उठा.
कपाट सरकेना.
वायर येईना.
राऊटर चालेना.
डबी देईना.
कॉम्प्युटर दाखवेना.
माझी पिल्लं मला दिसेनात."

आबा म्हणाले, "शूऽऽ. हळू बोल. वाय-फायवाल्यांनाच फोन लावलाय. तासभर धरून बसलोय. आता ठेवला, तर पुन्हा पहिल्यापासून. फोनमधली बाई बोलली, तर उठेन."

टिवलीचे पाय दुखत होते. तरी ती फोनवर चढली.

"फोनबाई, फोनबाई, बोला.
आबा उठेनात.
कपाट सरकेना.
वायर येईना.
राऊटर चालेना.
डबी देईना.
कॉम्प्युटर दाखवेना.
माझी पिल्लं मला दिसेनात."

फोनमधली बाई म्हणाली, "आपण रांगेत आहात. कृपया प्रतीक्षा करा."

टिंग टिंग टिडिंग.

टिवली म्हणाली, "अहो बाई, मला माझी पिल्लं बघायचीत."

बाई म्हणाली, "आपण रांगेत आहात. कृपया प्रतीक्षा करा."

टिंग टिंग टिडिंग.

"बाई, ऐकताय ना?"

"आपण रांगेत आहात."

टिवलीने शेपटी ताठ केली. मान मागे घेतली. फोनवर एक लाल बटण होतं. त्यावर चोच मारली. टक्.

गाणं थांबलं. बाई थांबली. घर एकदम गप्प.

आबांनी फोनकडे बघितलं. मग टिवलीकडे बघितलं.

"तासभर धरला होता गं मी," आबा म्हणाले.

"मी सात जणांकडे गेले आबा," टिवली म्हणाली. "सगळे म्हणाले, आधी तो, मग मी."

आबांनी फोन बाजूला ठेवला. मग म्हणाले, "खरंय तुझं. चल."

आबा उठले.
कपाट सरकलं, कर्रर्र.
वायर आली.
आबांनी ती राऊटरला लावली, खट्.
राऊटर चालला. लाल दिवा हिरवा झाला.
डबीने फोटो दिला.
आणि कॉम्प्युटर म्हणाला, "थांबा जरा."

त्याच्यावर एक चकती फिरायला लागली. गोल गोल गोल. आबा खुर्चीत बसले. टिवली कीबोर्डवर बसली. गोल गोल गोल.

"आता काय?" टिवली म्हणाली.

"मलाही कळत नाही," आबा म्हणाले.

गोल गोल गोल. आणि पिल्लं आली. एक, दोन, तीन. तिघांच्या चोची उघड्या. तिघांना भूक लागलेली.

टिवली पुढे सरकली. अगदी जवळ. "हा मधला," ती म्हणाली. "हा फार ओरडायचा."

"मला वाटायचं डावीकडचा ओरडतो," आबा म्हणाले.

"डावीकडची मुलगी आहे. ती शहाणी."

आबांनी तो फोटो कागदावर छापला. कागद खिडकीच्या काचेला आतून चिकटवला, पिल्लांची तोंडं बाहेर करून. त्याला वायर नाही. त्याला दिवा नाही. त्याला वाय-फायही नको.

आता टिवली रोज सकाळी येते. टुण टुण टुण. पिल्लं बघते. कोणाला काही विचारत नाही.

कडीत घातली कडी,
गोष्टीची झाली घडी.